कासरा धरणारा कोण?

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ देवाची तसबीर घेताना एक जुने चित्रकार्ड हाती आले. कौलारू बंगला, टोपीवाला साहेब, मडमेजवळ दोन मुले, आणि बैलांचा कासरा धरून उभा असलेला आपला माणूस. खाली एवढेच, 'अहमदनगर'.

नगरला अमेरिकन मराठी मिशनची अशी बरीच कुटुंबे राहून गेली. ह्यूम घराणेच घ्या. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले. ते सात वर्षांचे असताना वडील मायदेशी जाताना बोटीवरच वारले. आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. तरी रॉबर्ट १८७४ साली परत आले आणि पन्नास वर्षे इकडेच राहिले. १९०० च्या दुष्काळातल्या मदतीबद्दल सरकारने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांचे धर्मांतराचे काम पुष्कळांना रुचले नाही, तेही खरेच. पुतण्या एडवर्ड नगरचाच, जन्म १८७६ चा. तो डॉक्टर होऊन चीनमध्ये चांगशाला गेला. एका घरची माणसे तीन देशांत! खुशाली कळायची ती टपालानेच.

त्या मिशनचे जुने कागद आज हार्वर्डच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. पण कासरा धरणाऱ्याचे नाव? कार्ड उलटून पाहिले. नाही.

तुमच्या पेटीतल्या आजोबांच्या फोटोमागे काही लिहिले आहे का? आजी आहे तोवर विचारा. आणि लिहाल ते पेन्सिलीने लिहा, शाई पुढच्या बाजूला फुटते.