म्हणे, डेटाला जात नसते!

आमच्या वस्त्यांतली मुले-मुली आता डेटा सायन्समध्ये एम.एस्सी. करू लागली आहेत. शेवटच्या सत्रात प्रबंधाची वेळ येते. विषयात जातीचा उल्लेख केला की मार्गदर्शकाचे उत्तर ठरलेले असते : हा समाजशास्त्राचा प्रश्न, तुम्ही काहीतरी टेक्निकल घ्या, डेटाला जात नसते.

असे सांगणारेच वर्षानुवर्षे बोस्टनच्या घरांच्या किमतींचा डेटा शिकवत आले. १९७८ च्या एका संशोधनातला, ५०६ नोंदींचा. त्यात प्रत्येक भागातल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला 'बी' नावाचा रकाना होता! सायकिट-लर्न या लायब्ररीने तो डेटा २०२२ मध्ये काढून टाकला, तोवर तो टेक्निकलच होता. अमेरिकेतला वंश चालतो, इथली जात चालत नाही.

आणि जातीचा रकाना वगळला म्हणून मॉडेल निष्पाप होत नाही. कर्ज कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या मॉडेलला आडनाव, पिनकोड, शाळेचे माध्यम, बापाचा धंदा दिला की पुरते. गावकुसाबाहेरचा पत्ता त्याला बरोबर सापडतो. हे तपासणे हाच प्रबंधाचा विषय आहे : पात्र असूनही नाकारले गेलेले अर्ज कोणत्या गटात जास्त आहेत? यात गणित नाही असे कोण म्हणेल?

डेटाच मिळत नाही, ही दुसरी सबब. १९३१ नंतर सर्व जातींची मोजणी जनगणनेतून प्रसिद्ध झाली नाही, २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतले जातींचे आकडेही दडवले गेले, हे खरेच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आणि श्रमबलाच्या पीएलएफएस पाहणीत एससी, एसटी, ओबीसी अशी नोंद असते, आणि ती फाईल विद्यार्थ्याला फुकट मिळते. धर्माच्या रकान्यात बौद्धही वेगळे सापडतात. त्यातून रोजगाराचे, मजुरीचे मॉडेल उभे करता येते.

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली, लंडन सोडावे लागले. १९२० मध्ये परत जाऊन १९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी.चा प्रबंध पुरा केला, तोही ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाच्या आकड्यांवर. आकडे ही आपली परंपरा नाही, हे आम्हाला कोणी शिकवू नये.

विद्यार्थ्यांनी विषय बदलू नये. विभागाला तो नाकारायचाच असेल तर कारणासह लेखी नाकारावा, आणि ते पत्र मुलांनी जपून ठेवावे.