चंदनाच्या पिशवीतली तूर

पावसाळा लागला की माझ्या रोपवाटिकेत शाळांच्या सहली येतात. यंदा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "काकू, झाडं एकमेकांशी बोलतात ना? मोठं झाड आपल्या पिल्लांना जमिनीखालून खाऊ पाठवतं ना?" तिने तसा व्हिडिओ पाहिला होता. 'हो' म्हटलं असतं तर सगळी मुलं खूश झाली असती. मी चंदनाच्या रोपाची एक पिशवी उचलली आणि ब्लेडने उभी कापली.

चंदन आम्ही पिशवीत एकटं वाढवत नाही. सोबत तुरीचे दोन दाणे टोचतो. मातीचा गड्डा बादलीतल्या पाण्यात हलकेच सोडवला की दिसतं: चंदनाच्या बारीक मुळांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी, आणि त्या तुरीच्या मुळाला घट्ट चिकटलेल्या. त्या गाठींतून चंदन तुरीचं पाणी आणि क्षार ओढतं. पानं हिरवी असल्यामुळे साखर ते स्वतः तयार करतं, पण यजमान झाड नसेल तर पिवळं पडतं, खुरटतं. म्हणून शेतातही त्याच्या शेजारी सुरू किंवा कडुनिंब लावावा लागतो.

"म्हणजे तूर त्याला देते?" मुलीने विचारलं.

"नाही गं, चंदन घेतं."

देणं आणि घेणं यातला हा फरक झाडांच्या गोष्टी सांगताना आपण विसरतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

कॅनडातल्या सुझान सिमार्ड यांनी 1997 मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. बर्च आणि डग्लस फर या झाडांच्या रोपांना त्यांनी वेगवेगळी खूण असलेला कार्बन दिला. काही कार्बन एका झाडातून दुसऱ्यात गेला, आणि सावलीतल्या फरला जास्त मिळाला. मुळांवरच्या बुरशीच्या तंतूंमधून तो गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. प्रयोग महत्त्वाचाच होता. पण पुढे पुस्तकांतून आणि व्हिडिओंमधून त्याची 'आईझाडाची माया' झाली. 2023 मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. यातल्या जोन्स 1997च्या त्या प्रयोगात स्वतः सहभागी होत्या. मोठं झाड आपल्याच रोपांना बुरशीच्या जाळ्यातून निवडून अन्न किंवा इशारे पाठवतं, याचा खऱ्या जंगलातला पुरावा त्यांना सापडला नाही. आपल्याच कामाभोवती वाढलेली गोष्ट तपासायला बसणाऱ्या जोन्स यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मग जमिनीखाली काहीच नाही का? भरपूर आहे. बहुतेक झाडांच्या मुळांशी बुरशी भागीदारीने राहते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला स्फुरद आणि पाणी मिळवून देते. उष्ण प्रदेशांत पाइन नव्याने लावले तेव्हा कित्येक ठिकाणी रोपं तगेनात. जुन्या पाइनच्या बुंध्याखालची माती आणून मिसळली, तेव्हा ती वाढली. ही भागीदारी आपल्याकडच्या बहुतेक झाडांत सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही. देवराईत पाचोळा बाजूला केल्यावर दिसणारे पांढरे तंतू बहुधा पानं कुजवणाऱ्या बुरशीचे असतात. तेही तितकेच कामाचे, कारण तो पाचोळा कुजूनच पुढच्या रोपांचं अन्न होतो. देवराईतलं पानही उचलू नये, असं गावोगावच्या जुन्या माणसांनी सांगून ठेवलं. त्यामुळे ती माती टिकली.

आणि आपण काय करतो? वृक्षारोपणाच्या दिवशी मुरमात वीतभर खड्डा घेतो, रोप उभं करतो, फोटो काढतो. रस्ता रुंद झाला की चाळीस वर्षांच्या चिंचेच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणतो. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या गावाशहरांत तेवढं करायला कुठल्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

झाडांना माणसासारखं मन आहे म्हणून त्यांना जपा, असं मुलांना शिकवू नका. उद्या तीच मुलं 2023चा तो अभ्यास वाचतील आणि त्यांना वाटेल, जपण्याचं कारणच संपलं. त्यांना मुळं दाखवा. झाड एकट्याच्या बळावर उभं नसतं, याचं एक उदाहरण तरी बादलीभर पाण्यात दिसतं.

त्या मुलीने जाताना चंदनाचं रोप मागितलं. त्याची पिशवी मी तिच्या हातात देत होते, तेव्हा तिने आधी वाकून आत तूर आहे ना, ते पाहिलं.