छातीत कळ, पाठीत मूळ

साताऱ्यातील किंवा सांगली-मिरजेतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री येणाऱ्यांमध्ये छातीत दुखते म्हणून आलेले रुग्ण हमखास असतात. डाव्या बाजूला कळ, खांद्यात जडपणा, हाताला मुंग्या, भीतीने फुटलेला घाम. ईसीजी काढला जातो, रक्त तपासले जाते, काही तासांनी दोन्ही पुन्हा केले जाते. काहींना खरोखरच हृदयविकाराचा झटका आलेला असतो आणि त्यांचे उपचार तातडीने सुरू होतात. बऱ्याच जणांना मात्र सकाळी सांगितले जाते, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही नाही, घरी जा.’ रुग्ण घरी जातो आणि दुखणेही त्याच्याबरोबर घरी जाते.

हृदय ठीक आहे हे कळणे मोलाचे आहे, यात शंका नाही. पण रुग्णाने विचारलेला प्रश्न ‘मला काय होतंय?’ असा होता आणि त्याचे उत्तर ‘काही नाही’ हे असू शकत नाही. छातीत जाणवणाऱ्या या कळेचे मूळ पुष्कळदा पाठीच्या वरच्या भागात असते. तिथले मणके, बरगड्यांचे सांधे, खांद्याच्या फऱ्याभोवतीचे स्नायू, यांपैकी काहीतरी दुखावलेले असते. त्या दुखण्याला नाव आहे, कारण आहे आणि उपचारही आहे. ते नाव रुग्णाला सांगितले जात नाही, ही खरी अडचण आहे.

पाठीतले दुखणे छातीत कसे येते, हे शरीराची रचना पाहिली की समजते. छातीच्या मागे बारा मणके असतात आणि त्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या जोडलेल्या असतात. प्रत्येक दोन मणक्यांच्या मधून निघणारी नस बरगडीच्या खालच्या कडेने वळसा घेत पुढे छातीपर्यंत येते. मागचा सांधा आखडला किंवा नसेवर दाब आला, तर दुखावलेली जागा पाठीत राहते आणि कळ पुढे छातीत उमटते. मानेच्या खालच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसा छातीच्या वरच्या स्नायूंना आणि हातालाही जातात. तिथे दाब असेल तर छाती आणि डावा हात एकाच वेळी दुखू शकतो, म्हणजे अगदी हृदयविकाराचे वर्णन करावे तसे.

यात आणखी एक गुंता आहे. हृदयाची वेदना वाहून नेणारे तंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, साधारण त्याच भागात छातीची त्वचा, वरची पाठ आणि हाताची आतली बाजू यांच्याकडून येणारे तंतूही शिरतात. दोन गावांचे रस्ते एकाच फाट्यावर मिळावेत, तसे हे आहे. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला समोरून आलेली गाडी कोणत्या गावाची हे कळत नाही, तसाच मेंदूही फसतो. म्हणून पाठीची वेदना हृदयाची वाटते आणि हृदयाची वेदना पाठीतही जाणवते. ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

सातारा आणि सांगलीतल्या माणसांच्या पाठीवर कसला भार पडतो, हेही पाहायला हवे. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत कामाची झुंबड उडते. डोळ्यांच्या वरच्या मांडवावर विरळणी करायची, घड औषधात बुडवायचे. दिवसभर मान मागे आणि हात वर. या कामात फऱ्यामधले आणि मानेचे स्नायू सतत ताणलेले राहतात. कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजूर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवतात. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात तासन्‌तास कमरेत वाकून तोडणी चालते. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर देशभर पसरलेले आहेत आणि भट्टीसमोर वाकून बसणे हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या माथाडी कामगारांचा तर धंदाच डोक्या-पाठीवरच्या ओझ्याचा. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि अंगमेहनत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. शंभर किलोची पोती वाहिलेली ती पिढी आज गावी परतली आहे. तिच्यातल्या कुणाच्या छातीत कळ आली, तर ती त्या पाठीतून आली असेल का, हा प्रश्न विचारायलाच हवा. अर्थात पाठ बिघडायला ओझेच लागते असे नाही. मोबाइलवर मान घालून बसणारा कॉलेजचा मुलगा, संगणकासमोर खांदे पुढे टाकून बसणारा कारकून आणि रोज खड्ड्यांतून दुचाकी चालवणारा विक्रेताही याच रांगेत आहे.

मग ओळखायचे कसे? विल्यम हेबर्डन या इंग्लिश डॉक्टरने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यक महाविद्यालयापुढे हृदयाच्या वेदनेचे जे वर्णन वाचले, ते आजही उपयोगी पडते. चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवणानंतर चालताना छाती आवळल्यासारखी होते आणि थांबले की ती वेदना जाते. साताऱ्याच्या माणसाला हे अजिंक्यताऱ्याच्या चढावर समजून घेता येईल. चढताना ठरावीक वळणावर छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, पाच मिनिटे उभे राहिले की बरे वाटते, पुढे निघाले की पुन्हा तेच. असे होत असेल तर ते हृदयाचे दुखणे समजून लगेच डॉक्टर गाठावा.

पाठीतून येणाऱ्या वेदनेची चाल वेगळी असते. ती बहुधा टोचल्यासारखी असते. वळताना, वाकताना, कूस बदलताना, खोल श्वास घेताना, शिंकताना चमक मारते. बोटाने दाखवता येईल अशी एखादी जागा दाबली की तीच कळ उठते. चढ चढून ती वाढतेच असे नाही. उलट कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना जास्त जाणवते. क्षणभर येऊन जाते, नाहीतर दोन-दोन दिवस ठाण मांडून बसते. बरगडी जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळते, तिथल्या कूर्चेला सूज आली तरी असेच होते. तिथे फुगवटा दिसणाऱ्या प्रकाराचे वर्णन जर्मन शल्यविशारद अलेक्झांडर टिट्झे यांनी १९२१ मध्ये केले आणि आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पण ही यादी घरबसल्या निदान करण्यासाठी नाही. दाबल्यावर दुखते म्हणून हृदय सुटले, असे समजता येत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या काही रुग्णांनाही छाती दाबल्यावर दुखते. गॅसचे औषध घेऊन बरे वाटले किंवा जिभेखालच्या गोळीने बरे वाटले, यावरूनही काही सिद्ध होत नाही. पहिला ईसीजी सरळ आला तरी झटका नाही असे म्हणता येत नाही; म्हणूनच तो पुन्हा काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन तपासतात. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात तर हृदयविकार छातीऐवजी पाठीत, जबड्यात, पोटात दुखून किंवा नुसता दम लागून, गळून जाऊनही समोर येतो. दिवसभर राबणाऱ्या बाईने ‘पाठ भरून आलीय’ म्हटले की घरचे तेल चोळायला सांगतात. त्या बाईला मधुमेह, रक्तदाब असेल किंवा मिश्रीची सवय असेल, तर आधी तिचा ईसीजी निघाला पाहिजे. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे अजून अनेक घरांत मान्य होत नाही. शिवाय दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे ५२ देशांतील रुग्णांच्या अभ्यासातून दिसले आहे. ‘अजून वय कुठं झालंय’ या वाक्यावर विसंबून राहू नये.

म्हणून क्रम पक्का हवा: आधी हृदय, मग पाठ. छातीत अचानक नवी वेदना आली, ती पंधरा-वीस मिनिटांत थांबली नाही, सोबत घाम, दम, उलटी, चक्कर असेल, किंवा पाठीत काहीतरी फाटल्यासारखी तीव्र वेदना असेल, तर १०८ ला फोन करावा. जत किंवा पाटणच्या एखाद्या वाडीवरून स्वतः दुचाकी चालवत दवाखान्यात निघण्याचे धाडस करू नये.

हृदय सुरक्षित आहे हे ठरले, की क्रमाचा दुसरा भाग सुरू होतो. नेमका तोच वगळला जातो आणि त्याची किंमत दोन प्रकारचे रुग्ण मोजतात. पहिल्याची भीती जात नाही. ‘काही नाही’ म्हटले तरी कळ येतच राहते, म्हणजे डॉक्टरांना सापडले नाही असे तो समजतो. साताऱ्याहून कराड, कराडहून मिरज, मिरजेहून पुणे असा फिरतो. दर वेळी नवा ईसीजी, नवा खर्च. तो जड काम सोडतो, चालणे सोडतो, स्नायू आणखी अशक्त होतात आणि दुखणे वाढते. भीतीने श्वास उथळ आणि जलद होतो, छातीचे स्नायू आवळतात, धडधड वाढते, त्यामुळे भीती आणखी पक्की होते. दुसरा रुग्ण याच्या उलट वागतो. ‘मागेही असंच झालं होतं, पाठीचंच आहे,’ असे म्हणून खऱ्या झटक्याच्या वेळी घरी बसतो. पाठीचे दुखणे असलेल्याला हृदयविकार होत नाही, असा काही नियम नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.

या दोघांनाही उपयोगी पडेल ते नेमके निदान आणि नेमकी सूचना. ‘तुमची कळ बरगडीच्या मागच्या सांध्याची आहे, ती अशी-अशी येते, वेगळ्या प्रकारची वेदना आली, चालताना आली, घामाबरोबर आली, तर थांबू नका,’ एवढे घरी सोडताना कागदावर लिहून दिले तरी पुष्कळ काम होते. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत छातीदुखीला ‘अॅटिपिकल’ म्हणणे बंद करावे असे सांगितले, त्यामागेही हाच विचार आहे. संदिग्ध शब्दाने रुग्णाला काही कळत नाही आणि पुढच्या डॉक्टरलाही.

निदान नेमके हवे याचा अर्थ लगेच एमआरआय असा नाही. चाळिशीनंतर मणक्यांची झीज चित्रात अनेकांना दिसते, काही दुखत नसलेल्यांनाही. ‘मणक्यात गॅप आहे’ हे आपल्याकडचे लोकप्रिय निदान तर रुग्णाला आयुष्यभराचा रोगी बनवते. डॉक्टरने शर्ट काढायला सांगून पाठ पाहणे, मणके आणि बरगड्या बोटांनी चाचपणे, मान आणि हात हलवून घेणे याला पाच मिनिटे लागतात आणि त्यातून बरेच कळते. काही खुणा मात्र गंभीर मानायच्या: रात्री वाढणारी वेदना, बारीक ताप, घटते वजन, पायांत अशक्तपणा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे आणि तो छातीच्या मणक्यांत बसला की वेदना पट्ट्यासारखी पुढे येते. म्हाताऱ्या बाईचा ठिसूळ मणका साध्या धक्क्यानेही दबतो. एकाच बाजूला आग-आग होऊन काही दिवसांनी पुरळ उठले, तर ती नागीण असते.

बाकीच्यांचे उपचार साधे आहेत आणि म्हणूनच कदाचित त्यांना किंमत मिळत नाही. अंथरुणाला खिळून राहायचे नाही. शेक, खांदे मागे घेण्याचे आणि छाती उघडण्याचे व्यायाम, भिंतीला पाठ लावून उभे राहणे, खोल श्वास, रोजचे चालणे. द्राक्षबागेत तासाभराने हात खाली घेऊन काम बदलायचे, उंचीसाठी पायाखाली स्टूल घ्यायचे. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस आणि विचारूनच. डायक्लोफिनॅकसारखी औषधे हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, त्यामुळे दुखले की इंजेक्शन ही सवय वाईट. दुखणे परत आले तरी घाबरून जाऊ नये, ते तसे येते. जुना ईसीजी जपून ठेवावा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो असावा. तुलनेला जुना ईसीजी मिळाला, तर रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरचाही निर्णय सोपा होतो.

यातले बरेचसे काम रुग्णाचे असले, तरी सगळे त्याच्यावर ढकलता येणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारी फिजिओथेरपी ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचायला हवी. कवठेमहांकाळच्या शेतमजूर बाईने चार व्यायाम शिकायला रोजगार बुडवून सांगलीला यावे, ही अपेक्षा चुकीची आहे. छातीदुखीच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी जाण्याच्या कागदावर ‘हृदयाचे नाही’ एवढ्यावर न थांबता ‘मग कशाचे’ हे लिहिण्याची जागा असायला हवी. नक्की कळले नसेल तर तसे लिहावे आणि पुन्हा कधी यायचे तेही लिहावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. डॉक्टरची पाच मिनिटे आणि चार ओळी लागतात.