ज्याला अक्षर कळत नाही, त्याचं वाचनालयात काय काम?

दर शनिवारी अर्धा तास दोन-तीन वर्षांच्या पोरांना वाचनालयात बसवून गोष्टी सांगायच्या आणि गाणी म्हणायची, एवढ्या साध्या गोष्टीवरून सध्या आमच्या गावात वाद चालू आहे. आक्षेप तीन. पेपर वाचायला येणाऱ्यांना गोंगाट होतो. पोरं पुस्तकं फाडतात. आणि ज्याला अक्षर कळत नाही, त्याचं वाचनालयात काय काम?

आधी तिसऱ्याबद्दल बोलतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

दोन वर्षांचं पोर वाचत नाही, कबूल. पण ते चित्रावर बोट ठेवतं, ‘भूभू’ म्हणतं, पान उलटायला धडपडतं. पुस्तक कुठून उघडायचं, चित्राखालच्या त्या काळ्या रेघोट्यांतूनच मावशी बोलतेय, हे त्याला इथेच उमगतं. बडबडगीतातले सारखे वाजणारे शब्द कानावर पडले की त्याला शब्दांमधले आवाज वेगळे ऐकू यायला लागतात. पुढे अक्षर ओळखताना हाच कान कामाला येतो. तेच पुस्तक दहाव्यांदा मागतं म्हणून वैतागू नका; पुढे काय येणार हे आपल्याला माहीत आहे, याचाच त्याला आनंद असतो.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा मानलाय. त्याच्याही खूप आधी ताराबाई मोडकांनी हे ओळखलं होतं. 1945मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने बालवाडी थेट आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात नेली. गाणी, गोष्टी आणि आसपास मिळेल ते साहित्य, एवढ्यावर. आपल्याकडे तर छप्पर, पंखा आणि पुस्तकांचं कपाट आहे. कपाटाला कुलूप आहे, एवढंच.

आता उरलेले दोन आक्षेप. पेपरवाले सकाळी दहापर्यंत उठतात. साडेदहाला सतरंजी टाका. वर्षातून दोनदा सभेला उघडणारा हॉल असेल तर तोही चालेल. आणि पुस्तकं फाटणारच! पोरांसाठी वीस-पंचवीस पुस्तकं वेगळी काढा, फाटली की चिकटवा, फारच गेली की नोंद करून बाद करा. शंभर रुपयांच्या आत बरीच चांगली चित्रपुस्तकं मिळतात. माधुरी पुरंदरेंचा ‘राधाचं घर’ हा संच तर या वयाच्या पोरांसाठीच आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात.

अर्ध्या तासाला फार तयारी लागत नाही. आधी हातवाऱ्यांचं एक गाणं. मग मोठ्या चित्रांचं, कमी शब्दांचं एक पुस्तक. पोरं चुळबुळायला लागली की उड्या मारायचं गाणं. शेवटची दहा मिनिटं पुस्तकं पोरांच्या हातात. प्रत्येक पोरासोबत घरचं एक माणूस बसलंच पाहिजे; पोर सोडून बाजारात जायचं नाही. ‘सांग बरं, हे कोणतं अक्षर?’ असली परीक्षा घ्यायची नाही. आणि आपल्या खान्देशात आजी अहिराणीत गोष्ट सांगत असेल तर तिला ‘शुद्ध बोला’ म्हणायचं नाही. पोराला जी भाषा कळते तीच त्या दिवशीची शुद्ध भाषा.

एक गोष्ट मात्र समितीच्या बाजूने. 1967चा ग्रंथालय कायदा आहे, अ ते ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. पण ते हप्त्याहप्त्याने येतं आणि त्यातून ग्रंथपालाच्या हातात काय पडतं हे विचारायचीही लाज वाटते. त्याच माणसाला ‘शनिवारी गाणीपण म्हणा, फुकटात’ म्हणणं हा अन्याय आहे. निवृत्त अंगणवाडी सेविका, शिक्षिका गावोगावी आहेत. त्यांना दर शनिवारचं मानधन द्या. एका सत्काराच्या शाल-श्रीफळात आणि हारांत त्यांचे दोन-तीन महिने निघतील. शिवाय तपासणीला पुस्तकं, पेपर, सभासद यांच्या नोंदी बघतात, तशी ‘किती पोरं येऊन बसली’ ही नोंदही शासनाने बघावी आणि तिला अनुदान जोडावं. ही मागणी ग्रंथालय संघांनी लावून धरली पाहिजे.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. कलामसाहेबांच्या फोटोला हार घालून ‘आजची पिढी वाचत नाही, मोबाइलमध्ये बुडाली’ अशी भाषणं होतील. त्या पिढीला दोन वर्षांची असताना आपण दारातून परत पाठवलं, हे कुणी बोलणार नाही.

आमच्या समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे. सभासद असाल तर या, शनिवारच्या बाजूने हात वर करा. दुसऱ्या गावचे असाल तर उद्या आपल्या वाचनालयात जाऊन फक्त एवढंच विचारा: बालविभागाच्या कपाटाची चावी कुणाकडे आहे? काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा.