पेशीची ओढ आणि अकरावीचा ‘बी’ ग्रुप

रोगप्रतिकारशास्त्र शिकताना आपण सर्वांनी कुलूप-किल्लीचे चित्र काढले आहे. टी-पेशीवरील ग्राहक रेणू हे कुलूप, समोरच्या पेशीने मांडलेला प्रथिनाचा तुकडा ही किल्ली. रुग्णाला समजावण्यास चित्र सोयीचे आहे. परंतु ते अपुरे आहे. निरोगी पेशीही स्वतःच्या प्रथिनांचे असंख्य तुकडे पृष्ठभागावर मांडीत असते. त्या गर्दीत टी-पेशी मोजकेच परके तुकडे कसे हुडकते?

केवळ आकारावरून नव्हे, तर ओढून पाहून, असे एक उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुढे आले आहे. पोट तपासताना आपण नुसते पाहत नाही, दाबूनही पाहतो. तसेच काहीसे हे आहे. अटलांटा येथील जॉर्जिया टेक संस्थेत चेंग झू यांच्या गटाने ही ओढ मोजण्यासाठी वापरलेला तराजू डॉक्टरांना विशेष आवडावा. काचेच्या सूक्ष्म नळीच्या टोकाशी माणसाची एक तांबडी पेशी शोषून धरायची, तिच्यावर मणी चिकटवायचा, मण्यावरील रेणूला टी-पेशी टेकवून मागे ओढायची आणि तांबडी पेशी किती ताणली गेली ते पाहायचे. तांबडी पेशी म्हणजे येथे स्प्रिंगचा काटा! माप पिकोन्यूटनचे. मध्यम सफरचंदाचे वजन सुमारे एक न्यूटन. त्याचा लाख-कोटीवा भाग म्हणजे एक पिकोन्यूटन.

२०१४ साली या गटाने दाखविले, की योग्य तुकड्याशी जडलेली पकड ओढल्यावर अधिक काळ टिकते. हा टिकाऊपणा सुमारे १० पिकोन्यूटनला सर्वाधिक असतो. अयोग्य तुकड्याची पकड ओढताच लवकर सुटते. आपल्या भाषेत, एक निरगाठ आणि दुसरी सुरगाठ. पुढे २०२१ मध्ये व्हिएन्नातील संशोधकांना पेशीची स्वतःची ओढ याहून कमी आणि क्वचितच आढळली. वाद मिटलेला नाही. परंतु तो मोजमापाचा वाद आहे आणि गणित सोडून दिलेल्या डॉक्टरला त्यात तोंड उघडता येत नाही.

हे सारे परदेशातच घडते असेही नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने भक्षक पेशीने गिळलेला मणी पेशीच्या आतच लेसरच्या चिमट्यात पकडला आणि त्याला वाहून नेणाऱ्या डायनीन रेणूंचा जोर मोजला. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. एकेकटा डायनीन दुबळा, पण अनेक मिळून मोठा जोर लावतात. बलवान कायनेसिनला मात्र असे सहकार्य जमत नाही. (मंडळे चालविणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

झू यांत्रिकीचे, मल्लिक भौतिकशास्त्राचे. आणि आपण काय करतो? कामरेज-सुरतच्या डॉक्टरांच्या घरी दहावीचा निकाल लागला, की मुलाचा ‘बी’ ग्रुप ठरलेलाच असतो. गणित त्याच दिवशी घराबाहेर पडते. ‘एबी’ ग्रुपची सोय आहे, परंतु ‘नीटला गणित लागत नाही’ या एका वाक्यावर चर्चा संपते. ओझे वाढते हा आक्षेप खरा आहे आणि प्रत्येक मुलाने ते उचलावे असा माझा आग्रह नाही. ज्याला गणिताची गोडी आहे, त्याचेही गणित आपण तोडतो, यावर माझी हरकत आहे.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या परिश्रमांतून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आपले रक्तकर्करोगाचे रुग्ण त्याविषयी विचारू लागले आहेत. अशा कृत्रिम ग्राहकांना जागे होण्यास नैसर्गिक ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक खुणा लागतात. कर्करोगाने खुणा कमी केल्या, की तो निसटू शकतो. ही उणीव कशी भरून काढावी, यात पकड आणि ओढ यांचा अभ्यास अटळ आहे.

मंडळाने दहावी-अकरावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन ठेवले, तर प्रवेशपरीक्षेच्या शिक्षकांबरोबर मुंबईहून एखादा जीवभौतिकीचा संशोधकही बोलवावा. पालकांनी त्या दिवशी मागच्या रांगेत बसावे आणि प्रश्न मुलांना विचारू द्यावेत.