एक प्रिंटर, दोन चुली

आमच्या मालवणात भाऊ वेगळे झाले हे शेजाऱ्यांना पूर्वी धुरावरून कळायचे. एकाच छपराच्या कौलांतून सकाळी दोन जागी धूर निघू लागला की समोरचे म्हणायचे, "चुली वेगळ्यो झाल्यो." पुढे घरोघर गॅस आला आणि हा पुरावा बुडाला. पण शेजारधर्म इतक्यावर हार मानत नाही. हल्ली ते मोबाइलवर वायफायची यादी उघडतात. एकाच आडनावाची दोन वायफाय दिसली, की यंदा गणपती एकत्र बसणार की वेगळे, इथपर्यंत चर्चा जाते.

आमच्या घराची दोन दिसतात. चूल अजून एकच आहे हे मी इथे जाहीर करून ठेवतो. पण एक प्रिंटर आणि दोन राऊटर यांच्या संगतीत वर्षभर काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की चांगल्या घराचे दोन तुकडे करायला माडाची वाटणी, आंब्याची कलमे, विहिरीचा रहाट यांतले काहीही लागत नाही. दुसऱ्या राऊटरची वायर भलत्या भोकात खोचली की काम झाले. आणि त्या भोकात ती खोचायला शिकवतात विकणारेच! माझे भांडण त्यांच्याशी आहे.

झाले असे. दादा मुंबईत नोकरीला. २०२० च्या टाळेबंदीत जे चाकरमानी गावाला आले त्यांत तोही कुटुंबासह आला, आणि कंपनीने घरून काम चालवून घेतले म्हणून राहिला तो राहिलाच. आता आमचे घर चिऱ्याचे. आजोबांनी भिंती घातल्या त्या बहुधा फिरंगी चालून येतील या हिशेबाने. ओटीवरच्या राऊटरची लहर माजघरापर्यंत कशीबशी येते आणि तिथे, सासरी नव्याने आलेल्या मुलीसारखी, पुढे जावे की न जावे अशी घुटमळते. मागच्या पडवीत दादा मीटिंगला बसला की त्याचा चेहरा गोठायचा, तोही नेमका जांभई देताना. तेव्हा दुकानदार म्हणाला, "दुसरा राऊटर टाका साहेब, विषय संपला."

दुसरा राऊटर आला आणि विषय सुरू झाला.

प्रिंटर ओटीवर होता. माझ्या लॅपटॉपला तो दिसे. दादाच्या लॅपटॉपला दिसेना. दादा मागून ओरडे, "अरे, तो ऑफलाइन दाखवतोय!" मी पुढून ओरडे, "इथे हिरवा दिवा आहे!" मध्ये माजघरात आई बसलेली. तिने उंबऱ्यातून प्रिंटरकडे नीट पाहून निर्णय दिला, "माका हयसून दिसता, तुमच्या त्या कॉम्प्युटराक कसो दिसणा नाय?"

सगळ्या प्रकरणात विचारला गेलेला एवढा एकच शहाणा प्रश्न. त्याचे उत्तर मला कॉमर्सची पदवी असूनही सहा महिन्यांनी सापडले. (असूनही म्हणजे असल्यामुळेच, असे दादाचे म्हणणे.)

राऊटर हा घरातला कर्ता पुरुष. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो पाटावर बसवतो आणि एकेक आकडा देतो : १९२.१६८.१.५, १९२.१६८.१.६ असा. जगात असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते, ते पुरेनात, म्हणून काही आकडे केवळ घरगुती वापराला राखून ठेवले गेले आणि १९९६ साली तो नियम कागदावर नीट बांधला गेला. म्हणून माझ्या प्रिंटरचा जो पत्ता, तोच मेलबर्नमधल्या कोणा सद्गृहस्थाच्या प्रिंटरचा असू शकतो आणि दोघांचे कधी भांडण होत नाही. भांडण होते ते एकाच घरात दोन कर्ते झाले म्हणजे. दुसऱ्या राऊटरच्या 'वॅन' नावाच्या भोकात वायर घातली की तो स्वतःला स्वतंत्र संसार समजतो आणि मागच्या पडवीत वेगळे आकडे वाटू लागतो : १९२.१६८.०.५, १९२.१६८.०.६. एका 'शून्या'ने आमचे घर दोन केले.

दादाचा लॅपटॉप मग हाक मारतो, "कोणी प्रिंटर आहे का हो?" ही हाक राऊटरच्या उंबऱ्याबाहेर जात नाही, तसा नियमच आहे. हाक ऐकू येत नाही म्हणून प्रिंटर ओ देत नाही, आणि ओ आली नाही म्हणून लॅपटॉप त्याला 'ऑफलाइन' ठरवतो. म्हणजे हाक पोचत नाही याची, आणि ठपका समोरच्यावर! ही रीत मी ओळखतो. मी बँकेत काऊंटरवर बसतो. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य माझ्याइतक्या सराईतपणे क्वचितच कोणी उच्चारीत असेल. घरी प्रिंटरने तेच मला ऐकवायला सुरुवात केली तेव्हा पेन्शनर मंडळी माझ्याकडे तसे का बघतात ते समजले.

आमच्या शाखेतला पासबुकाचा प्रिंटर मात्र निराळ्या कुळातला. त्याला वायफाय नाही, अक्कल नाही, एक जाड वायर आहे. तो करकरतो, पासबुक वाकडे घेतो, अधूनमधून बिघडतोही. पण बिघडला की बिघडलेला दिसतो. धडधाकट असून गैरहजर राहण्याची विद्या त्याला येत नाही.

गंमत अशी, की मागचे यंत्र पुढच्याला गाठू शकते, पत्ता पाठ असला तर. पुढचे मागच्याला एरवी गाठू शकत नाही. जुन्या घरांत नाही का, माजघरातली बाई ओटीवर येऊन विचारून जाई, पण ओटीवरचा पाहुणा माजघरात शिरू शकत नसे. दादाने कुठूनतरी हे ऐकले आणि प्रिंटरचा आकडा लॅपटॉपमध्ये भरला. छापले! वहिनींनी शिरा केला. तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशी वीज गेली. आमच्या किनाऱ्यावर ती जाते याचे कोणाला नवल नाही, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आम्ही कित्येक दिवस काळोखात काढले आहेत. वीज परत आली, पुढच्या कर्त्याने सगळ्यांना नव्याने पाटावर बसवले आणि प्रिंटरच्या पाटावर माझा मोबाइल बसला. प्रिंटर तीन पाट पलीकडे. दादा छापतो आहे, छापतो आहे, आणि माझा मोबाइल बिचारा काय छापणार!

त्या रात्रीच पुतणीचे सीईटीचे हॉल तिकीट काढायचे होते. दुसऱ्या दिवशी परीक्षा. तोवर माझाही लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला. रात्री साडेदहाला आम्ही दोघे भाऊ झेरॉक्सवाल्याच्या घरी. तो जेवता जेवता उठला, शटर उघडले, दोन रुपये घेतले. पोर घरी बॅग मांडीवर घेऊन बसली होती, अवाक्षर बोलली नाही. परत येताना दादा म्हणाला, "माझ्यासाठी वेगळाच प्रिंटर घेतो मी. उगीच तुझ्या प्रिंटरची कटकट नको." 'तुझ्या' प्रिंटरची! आजवर तो घरचा होता.

आणि दुकानदारही तेच म्हणाला. "दुसरा प्रिंटर घ्या साहेब, विषय संपला." या गृहस्थाचे विषय असेच संपत असतात. दोन राऊटर म्हणून दोन प्रिंटर, दोन प्रिंटर म्हणून दोन शाया, आणि शाईची किंमत तर अशी, की काही दिवसांनी प्रिंटरच शाईबरोबर फुकट देतात की काय असे वाटावे. माझा आक्षेप किंमतीला नाही. इलाज फुकटचा असताना तो न सांगण्याला आहे. मागच्या राऊटरचे आकडे वाटणे बंद करायचे, म्हणजे डीएचसीपी नावाची खूण काढायची. त्याला स्वतःला पुढच्याच मालिकेतला, दुसऱ्या कोणाला न दिलेला आकडा द्यायचा. आणि वायर 'वॅन'मधून काढून शेजारच्या 'लॅन'च्या भोकात घालायची. कित्येक राऊटरांत तर 'अॅक्सेस पॉइंट' असे तयार बटनच असते. मग तो कर्ता राहत नाही, निरोप्या होतो. लहर मागच्या पडवीत पोचते, पाट सगळे एकाच पंगतीत.

हे खोक्यावर मोठ्या मराठी अक्षरांत का छापत नाहीत? खोक्यावर असते एका हसऱ्या कुटुंबाचे चित्र. चौघांच्या हातात चार यंत्रे. प्रिंटर त्या चित्रात कधीही नसतो, म्हणून ती माणसे हसत असतात.

यावर आमच्या शाखेतले एक तरुण अधिकारी म्हणाले, "पण दोन नेटवर्क सुरक्षित असतात." असतात की! तारकर्ली-देवबागला ज्यांच्याकडे पर्यटक उतरतात त्यांनी पाहुण्यांचे वायफाय जरूर निराळे ठेवावे. पुण्याच्या पाहुण्याने आपल्या प्रिंटरवर ऑफिसचे अहवाल का छापावेत? पण मी सख्ख्या भावापासून सुरक्षित व्हायला निघालो नव्हतो. वेगळे राहणे हा ज्याने त्याने ठरवायचा विषय आहे, तो कंपनीने कारखान्यातून ठरवून पाठवायचा नव्हे.

प्रिंटरवरून माणूस किती पेटू शकतो याला दाखला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना वर्दी जावी अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरला केली होती. नव्याच्या आतली आज्ञावली मागितली, ती कोणी देईना. हा अनुभव ते पुढे आवर्जून सांगत आले. १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच उभारायला घेतली. माझी मजल तेवढी नाही. मी युनियनचा साधा सभासद, फार तर एक निवेदन देईन.

एका रविवारी मी वायर बदलली. दादा खुर्चीवर बसून "काही मोडू नको" एवढे सहकार्य करीत होता. प्रिंटरला त्याचा जुनाच आकडा कायमचा बांधून दिला, वीज जावो न जावो. क्षणभर काही झाले नाही. मग प्रिंटर खाकरला आणि दादाच्या लॅपटॉपमध्ये अडकून पडलेले सगळे एकामागून एक बाहेर येऊ लागले : परीक्षा होऊन गेलेले हॉल तिकीट पाच वेळा, विजेचे बिल तीन वेळा, कंपनीला केलेला रजेचा अर्ज, पुन्हा हॉल तिकीट. दादा धावत पुढे आला. कागद ओटीभर झाले. आई माजघरातून म्हणाली, "आता थांबय रे त्याका, कागद संपतले."

थांबवायचे कसे ते दोघांनाही माहीत नव्हते.