आधी शुगर तपासा

रात्री दोनच्या सुमारास चार नातेवाईक एकाला धरून कॅज्युअल्टीत आणतात. हात ओढणीने बांधलेले, तोंडात शिव्या. केसपेपर निघायच्या आतच कुणीतरी म्हणतं, "मेंटल आहे, सायकियाट्रीला कॉल द्या." त्या एका शब्दासरशी नाडी, ताप, रक्तदाब, शुगर सगळं मागे पडतं. घरच्यांना बोल लावता येत नाही, ते घाबरलेले असतात. पण डॉक्टरांनी तरी थांबायला हवं.

इन्शुलिन घेणाऱ्याची साखर खाली गेली की तो असाच बरळतो, अंगावर येतो. शिरेतून ग्लुकोज गेलं की बहुतेकदा काही मिनिटांत स्वतःचं नाव-गाव सांगू लागतो. बोटाला सुई टोचून हे कळायला मिनिटही लागत नाही. रोज पिणारा माणूस पाय मोडून वॉर्डात पडला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागतो. हात थरथरतात, अंग घामाने निथळतं. दारू एकदम तुटल्याचा हा आजार वेळेत ओळखला नाही तर जीव घेऊ शकतो. कालपर्यंत धडधाकट असलेल्या आजी आज लेकाला ओळखत नसतील, तर तिथेही आधी जंतुसंसर्ग आणि सोडियम पाहायचं.

आणि ओरडणाऱ्याभोवती सगळे धावत असताना बाकावर एक सून गप्प बसलेली असते. "गोळ्या चुकून जास्त झाल्या," असं सासू परस्पर सांगते. सासूला बाहेर बसवून सुनेला सरळ विचारायला हवं: जीव नकोसा झालाय का? पुन्हा काही करायचं मनात आहे का? विचारल्याने तसं मनात भरतं, ही भीती निराधार आहे.

'आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत' ही सबबही टिकत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. तरीही तपासणीविना गाडी येरवड्याच्या, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या वाटेला लावली जाते.

रेफरची चिठ्ठी लिहिण्याआधी केसपेपरवर नाडी, ताप, रक्तदाब आणि साखर यांचे आकडे हवेतच, असा आदेश काढायला रुग्णालयाच्या अधीक्षकांना वेगळा निधी लागत नाही. तो आजच काढावा.